कल्ला उघडून दाखवणारा माणूस

तांडेल साहेब गेल्याचं मला डोंबिवलीच्या भाजीबाजारात कळलं. हातात मेथीची जुडी होती. आमच्या कंपनीत पॅकिंगला असलेला शंकर समोरून आला आणि म्हणाला, "मॅडम, साहेब गेले. सकाळी, झोपेतच." मी त्याच्यावरच खेकसले, "नीट चौकशी करून बोलत जा." बिचाऱ्याने चौकशी केलेलीच होती... राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि साहेबांनी मला नोकरी दिली ती बहुधा त्याच गुणावर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कल्याणची, नुकतीच केमिस्ट्रीत एमएस्सी झालेली. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या एका गाळ्यात मुलाखतीला गेले. साहेब बाळकुमचे कोळी, त्यांची आई हिराबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. धाकटी बहीण रक्ताच्या कॅन्सरने गेलेली. तिचं औषध परदेशातून यायचं होतं, ते आलं तेव्हा तिचं दहावं झालेलं होतं. ते औषध सदाफुलीच्या पानांपासून निघतं हे वाचल्यावर हा माणूस पेटला. "अहो, गटाराच्या कडेला उगवणारं झाड," ते मला म्हणाले, "आणि आपण औषधाची वाट बघत बसायचं?" मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गायकवाडबाई, माल नापास असेल तर नापास म्हणाल?" मी म्हटलं, "म्हणेन. तुम्ही आवाज चढवलात तर मीही चढवीन." ते म्हणाले, "उद्यापासून या."

कारखाना उभा करायचा तर भांडवल हवं, म्हणून कंपनी शेअर बाजारात उतरली. अर्ज कोणी भरले? बाळकुमच्या कोळणींनी, कल्याणच्या धान्यवाल्यांनी, डोंबिवलीतल्या मास्तरांनी. कॅन्सरचं औषध डोंबिवलीत बनणार यावर शहाण्या माणसांचा विश्वास नव्हता, पण हिराबाईंच्या पोरावर लोकांचा होता. त्याला कारण हिराबाई. ती बाई भाव सांगायच्या आधी माशाचा कल्ला उघडून दाखवायची. लाल दिसला तर घ्या, नाहीतर पुढे जा.

पहिल्या मोठ्या बॅचचा पाला बाळकुमच्या बायकांनीच सुकवला, तोही साहेबांच्या सांगण्यावरून. मासळी सुकवतात त्याच बांबूच्या मांडवांवर, भर उन्हात, खडखडीत. तांडेलांच्या घरात सुकवणं म्हणजे ऊन, दुसरं काही कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तपासणी केली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. उन्हाने पानांतलं औषध मारून टाकलं होतं. मी तीनदा तपासलं. बॅच नापास. आणि चार दिवसांवर भागधारकांची वार्षिक सभा.

आमचे हिशेबनीस म्हणाले, "सभा होऊन जाऊ दे. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मला वाटलं साहेब त्यांना झाडतील. साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "बाई, अहवालावर पुढच्या आठवड्याची तारीख टाका." मी उभीच होते. रडू येत होतं, पण रडले नाही, बोलले. "साहेब, तुमच्या आईने शिळी मासळी ताजी म्हणून कधी विकली का? मग ज्या पोरांना हे इंजेक्शन टोचायचं, त्यांना काय सांगू?" सही करून अहवाल टेबलावर ठेवला आणि घरी आले. नोकरी गेली असं धरूनच चाललेले. तीन दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत.

सभा ठाण्यात, खोपटजवळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. साहेब उभे राहिले ते हातात काचेची बरणी घेऊन. आत त्या पाल्याची तपकिरी नापास पावडर. "आधी कल्ला दाखवतो," ते म्हणाले, "मग बाकीचं." आणि सगळं सांगितलं, चूक कोणाची तेही. हिशेबनीस घाम पुसत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून साहेबांची मावशी, जनाबाई, उठली. "पोरा, उन्हान सुकवला तो आमीच. आता सावलीन सुकवू. त्यान काय?" कोणीतरी हसलं, मग सगळा हॉल हसला. शेअरचा भाव पडायचा तेवढा पडला, पण त्या हॉलमधल्या माणसांनी आपले शेअर विकले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या अहवालावर, माझ्या सहीच्या खाली, साहेबांची सही आली. पुढे तो रिवाजच झाला. पास मालाला माझी एकटीची सही पुरे, नापासाला आम्हा दोघांची.

सावलीत सुकवलेल्या पाल्याची बॅच पास झाली, सरकारी परवाना मिळाला. पहिल्या बाटल्या इस्पितळात पोचल्या त्या दिवशी साहेबांनी अख्ख्या कारखान्याला कोलंबीभात खाऊ घातला. पाच-सहा वर्षांनी सभेत कल्याणचे एक रिक्षावाले उठले, सोबत दोन वेण्या घातलेली मुलगी. "हिला तुमचंच औषध दिलेलं. यंदा दहावीला बसली," एवढंच बोलले आणि खाली बसले. साहेब माईकसमोर हमसून हमसून रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू... आम्ही जिंकलो होतो. डोंबिवलीच्या पत्र्याच्या गाळ्यात जिंकलो होतो.

यंदाची सभा साहेबांच्या माघारी, पाच आठवड्यांनी झाली. त्यांच्या खुर्चीशी आता त्यांची मुलगी ललिता उभी होती. त्या पहिल्या सभेपासून दर वर्षी टेबलावर ती बरणी असायची, तिथे आता साहेबांचा हार घातलेला फोटो. मोठे गुंतवणूकदार यायचेत, नापास पावडर कशाला मांडायची, असं ऑफिसात कोणीतरी ठरवलेलं. माझं डोकं तडकलं. मी उठणार एवढ्यात पुढून जनाबाईचा थकलेला आवाज आला, "बरणी कुठं हाय गो?"

ललिता वाकली. बरणी तिच्या पायाशीच पिशवीत होती. तिने फोटो जरा सरकवला, बरणी त्याच्या जागेवर ठेवली आणि म्हणाली, "यंदा एक बॅच नापास झाली. आधी ती सांगते." सांगून झाल्यावर तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी फाइल दिली. अहवालावर माझी सही होती, खालची जागा पाच आठवडे रिकामी होती. ललिताने उभ्याउभ्याच तिथे सही केली आणि मग वडिलांच्या खुर्चीत बसली.