पाटावरचा लॅपटॉप

शीतलने दोन्ही लॅपटॉप छातीशी धरून आणले. एक तिने देवघरात पाटावर ठेवला. दुसरा घेऊन ती उंबऱ्याबाहेर आली, वाकली आणि पडवीत अंथरलेल्या पोत्यावर ठेवला. पोत्यावर दोन विळे होते, चार खुरपी, एक कुदळ. त्या ओळीत शेवटी लॅपटॉप.

खंडेनवमी होती. अर्धापूरजवळ तिचं गाव. त्या दिवशी त्यांच्या घरात सगळ्या अवजारांची पूजा होते. घरच्यांची अवजारं आत, पाटावर. शेतातल्या गड्यांची बाहेर, पोत्यावर. ही वाटणी मला त्या दिवशी कळली.

मी पडवीतच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी म्हणाले, "शीतल, माझा पण आत ठेव ना. दोन्ही शेजारी."

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "राहू दे गं इथंच. आत जागा न्हाई."

मला दारातून आतलं दिसत होतं. पाट अर्धा मोकळा होता.

राग नंतर आला. आधी लाज वाटली. मी काहीतरी चूक केली असावी, अशी लाज. आपल्याला ती लहानपणापासून घोटून पाजलेली असते. तोंड उघडायच्या आधी ती हजर होते.

शीतल म्हणजे वर्गातली तोंडओळख नव्हती. नांदेडमध्ये दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो. एका स्टोव्हवर खिचडी, एका बादलीत दोघींचे कपडे. कॉम्प्युटरचं शिकत होतो. तिसऱ्या वर्षाला दोघा-दोघांचा गट करून प्रोजेक्ट करावा लागतो, आणि आमचा गट कुणी विचारायच्याही आधी ठरलेला होता. विषय तिच्या घरचा. केळीच्या पानावरचा करपा रोग मोबाईलच्या फोटोवरून ओळखायचा. पानं तिच्या बागेतली, प्रोग्राम माझा. पुढं नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट असणार होती. वडील नाहीत, ओळखीचं कुणी नाही. प्रोजेक्ट चालला तर मी चालणार.

त्यासाठी लॅपटॉप पाहिजे होता. कॉलेजच्या लॅबमधली निम्मी मशिनं बंद, उरलेल्यांची चावी शिपायाकडं, आणि शिपाई कुठं असतो ते कुणालाच माहीत नसतं. दोन वर्षं मी मोबाईलवर अंगठ्यांनी कोड लिहिला आहे. हसू नका. लिहून होतो.

लॅपटॉप निवडायला मी दोन महिने घेतले. आमच्यासारख्यांना चूक परवडत नाही, म्हणून आम्ही निवडायला वेळ लावतो. वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले. रॅम किती, पुढं वाढवायला एक जागा रिकामी आहे का, बॅटरी किती तास, कीबोर्ड दाबताना मऊ पडतो का. पैसे कसे जमले ते सांगत बसत नाही. आईच्या हातांनी जमले. माझी आई लातूरला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली पोरं तिच्या पोळ्या खाऊन डॉक्टर होतात.

शीतललाही घ्यायचा होता. तिला सोनेरी रंगाचा, पातळ असा एक आवडला होता. दुकानदारही तिलाच सगळं सांगायचा. प्रश्न मी विचारायचे, उत्तर तिला मिळायचं. तिच्या कानातलं बघून तो ठरवत असेल कुणाशी बोलायचं ते. "एक टीबी आहे मॅडम, आयुष्यभर भरणार नाही," तो तिला म्हणाला. मी म्हणाले, "जुनी हार्ड डिस्क आहे ती. चालू व्हायलाच चहा पिऊन होईल. आम्हाला एसएसडीवाला दाखवा." तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं.

शीतल बाहेर आल्यावर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तू म्हणशील तोच." तिच्या वडिलांचा फोन आला, तर तेही म्हणाले, "तुझी मैत्रीण हुशार हाय. ती म्हणती तोच घे." मी फुगले. खरं सांगते, फार फुगले.

भाव ताडून बघायला आम्ही लातूरलाही गेलो. आई मेसमधून तशीच दुकानात आली, हाताला पीठ. सगळं ऐकून घेऊन तिने दुकानदाराला एकच विचारलं, "हे पडलं तर फुटंल का हो?" दुकानातले हसले. शीतलही हसली. मीही हसले, ते आज मला टोचतं. मग आम्ही खोलीवर गेलो. आईने शीतलला गरम पोळ्या वाढल्या, शेंगदाण्याची चटणी, वर तेल. शीतलने चार खाल्ल्या. ती गेल्यावर आई म्हणाली, "पोरगी गुणाची हाय."

शेवटी घेतले ते नांदेडलाच. एकाच मॉडेलचे, एकाच राखाडी रंगाचे. दुकानात दोनच पीस उरले होते आणि एकाच्या खालचं एक रबरी बूड निघालेलं होतं. चारातलं एक. टेबलावर ठेवलं की तो त्या कोपऱ्यात डुगडुगायचा. दुकानदार म्हणाला, नवीन मागवतो, पंधरा दिवस लागतील. मी म्हणाले, "मला चालतो हा. चांगला तिला द्या." शीतलने माझा हात दाबला. "तू लई चांगली हायेस गं."

मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. मी मऊ होते.

दसऱ्याला आई लातूरला बोलवत होती. आमच्यासाठी तो दीक्षेचा दिवस. पांढरी साडी नेसून ती विहारात जाते, आणि त्या वर्षी तिला मला लॅपटॉपसकट न्यायचं होतं. कशासाठी, तर बायांना दाखवायला. पण शीतल म्हणाली, "खंडेनवमीला आमच्याकडं चल. पानांचे फोटो पण काढू. आणि आमच्यात लॅपटॉपची पण पूजा करतेत. दोघींचे शेजारी ठेवू." आमच्या घरी पूजा नसते. मला पूजेचं कौतुकही नव्हतं. मला त्या 'शेजारी' शब्दाचं कौतुक होतं. आईला मी म्हणाले, नवमीला जाऊन येते, दसऱ्याला तुझ्याकडं पोचते.

सकाळी बागेत शंभरभर पानांचे फोटो काढले. घरी आलो तेव्हा तिचे वडील पडवीत होते. चांगले बोलले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मूळ गाव कोणतं तुमचं? आडनाव काय म्हणल्या?"

मी गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. मी ते कधी लपवलेलं नाही.

"अस्सं," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

थोड्या वेळाने चहा आला. घरच्यांना स्टीलच्या कपात, मला कागदी कपात. मला वाटलं, पाहुणीला नवाकोरा कप दिला. इतकी मी बावळट.

आणि मग शीतल दोन्ही लॅपटॉप घेऊन आली.

पूजा सुरू झाली. काकू, म्हणजे शीतलची आई, एकेका वस्तूला हळदीकुंकू लावत होती. फवारणीचा पंप, वजनकाटा, पोरांच्या वह्या, पेन. मी बाहेर पोत्यावरच्या लॅपटॉपकडं बघत होते. त्याच्या झाकणावर विळ्याची माती सांडली होती. शीतल आत पाटाजवळ बसली होती आणि एकदाही बाहेर बघत नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आवाज होत नाही, आणि कापणारा नजर खाली घालून बसतो.

काकूने पाटावरच्या लॅपटॉपला कुंकू लावायला अंगठा टेकवला. लॅपटॉपचा एक कोपरा खाली गेला आणि परत वर आला.

"हे डुगडुगतंय की गं," काकू म्हणाली आणि तिने त्या कोपऱ्याखाली झेंडूचं फूल सरकवलं.

मी ताठ झाले. डुगडुगणारा माझा होता.

शीतलने गडबडीत उचलताना अदलाबदल केली होती. मी तिला चांगला पीस दिला, ही गोष्टच तिच्या डोक्यातून गेली होती. मी हातात घेताच माझा ओळखला असता. तिला तिचा ओळखू आला नाही.

म्हणजे माझा आत, देवासमोर, फुलाला टेकून. आणि त्यांच्या लेकीचा बाहेर, विळ्याच्या मातीत.

मला हसू फुटायचं बाकी होतं. वाटलं, गप्प बसावं. पूजा होऊ द्यावी, नारळाचा तुकडा खाऊन घरी जावं, मनातल्या मनात जिंकावं. आईला सांगितलं असतं तर तीही पदर तोंडाला लावून हसली असती. कुणाला काही कळलं नसतं.

पण कळलं नसतं, एवढंच झालं असतं. म्हणजे माझी वस्तू आत राहिली असती ती त्यांची समजून. मला तसं आत राहायचं नव्हतं.

मी उठले. चपला काढल्या. उंबरा ओलांडून आत गेले. काकूचा हात तसाच हवेत थांबला. मी पाटाजवळ बसले आणि लॅपटॉपचं झाकण उघडलं.

पडदा उजळला. त्यावर माझी आई होती. मेसच्या तव्यासमोर, कपाळावर घाम, हातात लाटणं, कॅमेऱ्याकडं बघून लाजलेली. त्यांच्या देवांसमोर, पाटावर, माझी आई.

मी म्हणाले, "हा माझा आहे. तुमचा बाहेर पोत्यावर आहे."

 मग काकू हळूच म्हणाली, "आता समदी पूजा परत करावी लागंल." तिने पाट उचलून धुवायला न्यायला सांगितला. पाट धुता येतो, लॅपटॉप धुता येत नाही. आणि बाहेरचा आत घ्यावा तर तो विळ्या-खुरप्यांत बसून आलेला. त्यांची फार अडचण झाली. शीतलचे वडील एवढंच म्हणाले, "चुकून झालंय. विषय वाढवू नका." कोणती चूक, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी लॅपटॉप बॅगेत घातला आणि निघाले. शीतल फाट्यापर्यंत मागं आली. रडत होती. मला वाटलं, माफी मागेल. तेवढ्यावरही मी कदाचित विरघळले असते.

ती म्हणाली, "सांगितलंस कशाला तू? कुणाला कळलं असतं का?"

मी विचारलं, "बाहेर ठेवायला तुला आईनं सांगितलं की वडिलांनी?"

ती म्हणाली, "कुणीच न्हाई. मीच ठेवला. त्यांनी तुझ्यासमोर काही बोलू नये म्हणून. तुला वाईट वाटू नये म्हणून."

 तिला हे खरंच माया केल्यासारखं वाटत होतं. काकूने मला बाहेर ठेवलं असतं तर मी म्हणाले असते, जुनी बाई आहे. पण इथं सांगायचीही गरज पडली नव्हती. माझ्या आईच्या चार पोळ्या खाऊन आलेल्या हाताला माझी जागा पाठ होती.

बस आली. मी चढले.

दसऱ्याला लातूरला पोचले. लॅपटॉपच्या झाकणावर कुंकू तसंच होतं. आईने ते बघितलं. मी सगळं सांगितलं. पोळपाटावरचं पीठ झटकत ती म्हणाली, "मी उगंच म्हणले गुणाची हाय." मग ओल्या फडक्याने तिने झाकण पुसलं. आम्ही विहारात गेलो. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला होता आणि कुणी विचारलं की उघडून दाखवत होती.

सुट्टीनंतर मी खोली बदलली. केळीच्या पानांचे सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर घालून शीतलला परत दिले. तिची पानं तिला. प्रोग्राम माझा, तो माझ्याकडं. त्याला आता नवीन विषय शोधायचा होता आणि हातात चार महिने होते.

गट मोडायचा तर विभागप्रमुखांकडे अर्ज करावा लागतो. अर्जात एक रकाना असतो. कारण. सर भले माणूस आहेत. मी तोंडी सांगितलं ते त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग पेन पुढं करत म्हणाले, "वैयक्तिक कारण, एवढंच लिही. सगळे तेच लिहितात. कशाला कागदावर आणायचं? मार्क आमच्याच हातात असतात बेटा, बाहेरचे परीक्षकही येतात. तुझंच नुकसान होईल."

ते मला घाबरवत नव्हते. काळजीच करत होते. शीतलसारखीच.

पुन्हा तेच. आत ये, फक्त कळू देऊ नको.

मी त्यांचं पेन घेतलं नाही, माझं काढलं. रकाना छोटा होता, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: 'खंडेनवमीला माझ्या गटातल्या जोडीदारणीने माझी जात बघून माझा लॅपटॉप उंबऱ्याबाहेर ठेवला. मला तिच्यासोबत काम करायचं नाही.' खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

सरांनी वाचलं. कागद माझ्याकडं परत सरकवला. "विचार करून उद्या दे."

मी तो परत त्यांच्याकडं सरकवला.

"अर्ज नोंदवून आवक क्रमांक टाका सर," मी म्हणाले. "आणि मला एक प्रत द्या."

प्रत मिळेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.