मधल्या हॉलचा वारा

माझा नवरा म्हसवडचा, उघड्या माळरानावरचा. त्यामुळे वारा या विषयावर आपल्याशिवाय कुणी बोलू नये, असं त्याचं ठाम मत होतं. मी सांगलीची, नदीकाठची. वारा म्हणजे लग्नाच्या मांडवातल्या पंख्याचा, एवढीच हिची समज, असं तो माझ्या माहेरच्यांसमोर खुशाल सांगायचा. आम्ही एकाच वर्गात आर्किटेक्चर शिकलो, पुढे सांगलीतच एकाच टेबलावर नकाशे काढले आणि रोज भांडलो. सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायची, ऑफिसात ‘अरे’, आणि चिडले की दोन्ही नाही.

साताऱ्याबाहेरच्या माळावर एका विद्यापीठाची संशोधनाची इमारत आम्हाला मिळाली, तेव्हा त्याला दम लागायला सुरुवात झाली होती. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. डॉक्टरांनी औषधं दिली, बरं होण्याबद्दल काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

इमारत माती, पाणी आणि पीक अशा तीन विभागांची. सगळ्यांनी एका छपराखाली बसावं, यंत्रं वाटून वापरावीत, एकमेकांच्या कामात डोकावावं, यासाठीच ती बांधायची होती. त्याने मधोमध एकच लांब हॉल काढला. आत एकही भिंत नाही. पश्चिमेला बसल्या जागेवरून हात पोचेल इतक्या खाली खिडक्या, पूर्वेला छताखाली उंच झरोके. भिंती जाड, पायाच्या खोदाईत निघालेल्या काळ्या दगडाच्या; कोयना जवळ, म्हणून त्यांत भूकंपासाठी काँक्रीटचे पट्टे. खालून गार वारा शिरणार, तापलेली हवा वरून निघून जाणार. एसीची गरजच नाही.

“आन् एका वाऱ्यात बसली म्हंजे मानसं बोलत्यात एकमेकांशी,” तो म्हणायचा. इतकं शिकूनही त्याची बोली म्हसवडचीच राहिली होती.

बाकी सगळ्यात त्याने तडजोड केली. फरशी बदलली, पोर्च सोडून दिला. हॉलवर मात्र अडून बसला. “ह्यात भिंत घातली का वारं मेलं. मग ह्याला गोडाऊनच म्हणा,” असं त्याने बांधकाम समितीला तोंडावर सांगितलं. मी टेबलाखालून त्याला पाय मारला. काही उपयोग झाला नाही.

छप्पर झाल्यावर मी त्याला व्हीलचेअरवर बसवून तिथे नेलं. नाकात ऑक्सिजनची नळी. त्याला अगरबत्ती लावून धूर बघायचा होता, वाऱ्याची परीक्षा तो तशीच घ्यायचा. मी त्याला हॉलच्या लांबच्या टोकाला, दाराबाहेर थांबवलं आणि मगच दुसऱ्या टोकाच्या खिडकीपाशी काडी ओढली. धूर आडवा झाला, हॉलभर तरंगत वर चढला आणि झरोक्यातून निघून गेला.

“माझ्यापरीस हिला बरा दम हाय की गं,” तो लांबून ओरडला. मग हसला, आणि हसण्याचा खोकला झाला.

उद्‌घाटन त्याने पाहिलं नाही.

घरात त्याचा चष्मा होता, शर्ट होते, पण ते सगळं गप्प होतं. म्हणून मी वरचेवर सांगलीहून गाडी काढून त्या हॉलमध्ये जाऊन बसायची. तिथे मातीवाले आणि पीकवाले चहा पिता पिता एकमेकांचं डोकं खात असायचे. कागद उडतात म्हणून सगळे कुरकुरायचे, आणि त्यावर मातीच्या नमुन्यांचे डबे ठेवायचे. मला वारा लागायचा. तेवढ्यासाठीच मी जात होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी नांगरापासून ट्रकपर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी प्रयोगशाळेत यंत्रांची. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, वजनकाट्याला झेंडूची माळ. प्रत्येक विभागाची पूजा वर्षानुवर्षं वेगळी. आता यंत्रं एकत्र, पण मानपान वेगळाच राहिला. त्यात वाऱ्याने समई टिकेना. म्हणून एका दिवसापुरतं मांडववाल्याकडून कापडी पडदे लावून हॉलचे तीन भाग केले, खिडक्या बंद केल्या. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

ते पडदे काढलेच नाहीत. कागद उडेनात, आपापल्या यंत्राला आपापलं कुलूप झालं. दिवाळीनंतर कापडाच्या जागी प्लायवूड आलं, पुढे ॲल्युमिनियम आणि काच. आत गुदमरायला लागलं, तेव्हा एसी बसवले. मी जाऊन भांडले. माझा आवाज चढला. माती विभागाचे प्रमुख भला माणूस, माझ्या नवऱ्याच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता. त्यांनी हात जोडले. “मॅडम, नाराज होऊ नका. सरांचं नाव आपण इथंच देऊ.”

आणि खरंच दिलं. पुढच्या खंडेनवमीला मला मानाने बोलावलं. हॉलमधल्या एका पार्टिशनवर पितळी पाटी होती, त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव. ज्या भिंतीपायी तो सगळ्यांशी भांडला, त्याच भिंतीवर. खाली त्याचा फोटो, हार घातलेला. कुणीतरी माझ्या हातात अगरबत्ती दिली. मी ती फोटोपुढे धरली. धूर सरळ वर गेला आणि छताखाली तसाच साचून राहिला. मला श्वास घेववेना.

“खिडकी उघडा हो जरा,” मी शिपायाला म्हणाले.

“आवं म्याडम, ती आता उघडत न्हाई, पॅक केलीया. लय घाम आलाय तुमास्नी. एसी लावू का?”

“लावा,” मी म्हणाले.

मी फोटोकडेच बघत होते. धूर एकदम हलला, आडवा झाला आणि माझ्याकडे वळला. क्षणभर मला वाटलं, आला.

मग वरून एसीची घरघर ऐकू आली.