तोंड राहिलेली बाहुली

बाहुलीमावशीला आयुष्यात एकच हौस होती: कुणीतरी एकदा विचारावं, "हे केलंस कसं?" बावीस वर्षं ती कापडाच्या बाहुल्या करत होती. चेहरा भरतकामाच्या मशीनवर, केस लोकरीचे, अंगावरचा एकेक मणी हाताने टाचलेला. घरच्यांच्या लेखी त्या चिंध्याच. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हिचा आपला विरंगुळा." आता विरंगुळ्याने माणसाची मान धरते का? पण त्याला कोण सांगणार.

एकदा मशीन बाहुलीचे डोळे भरून थांबलं. ओठांसाठी लाल दोरा ओवायचा, म्हणून ते थांबतंच. नेमका तेव्हाच आतून नवरा ओरडला, "माझा चष्मा कुठंय?" चष्मा त्याच्याच कपाळावर होता. मावशीने तो खाली नाकावर ओढला, परत आली आणि चेहरा झालाच असं समजून कापड ताणून धरणाऱ्या रिंगमधून ते काढलं. ओठ राहिल्याचं मग दिसलं, पण एकदा काढलेलं कापड पुन्हा त्याच जागी बसवणं महाकठीण. तोंड नंतर मण्यांचं करू, असं म्हणत तिने बाहुली सजवून कोपऱ्यात ठेवली, आणि ते राहूनच गेलं.

पुढे भाचीच्या ओळखीने कलादालनाच्या बाई घरी आल्या. बाकीच्या शंभर बाहुल्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नेमक्या हिच्यापुढे थांबल्या आणि त्यांना भरून आलं.

"मौन," त्या म्हणाल्या. "स्त्रीचं युगानुयुगांचं मौन."

"अहो, तो लाल दोरा..."

"तुम्ही काही बोलू नका," बाई कळवळून म्हणाल्या. "बोललात तर अर्थ उणावेल."

झालं. प्रदर्शनात बाहुली चौथऱ्यावर बसली, डोक्यावर दिवा. बाई मौनावर पाऊण तास बोलल्या. मग नवरा बोलला: "मी हिला पहिल्यापासून मोकळीक दिली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी नवे कपडे घालून, मनात उत्तर घोकत बसली होती. माईक तिच्यापर्यंत आलाच नाही. अर्थ सगळ्यांना कळला होता, मग विचारायचं काय? तिला फार वाईट वाटलं.

लोक चहाकडे वळले. मावशीने बाहुली उचलून मांडीवर घेतली, कॉलरला टोचलेली सुई काढली, पर्समधून लाल मण्यांची डबी काढली.

बाई धावत आल्या. "अहो, काय करताय? सगळा अर्थ घालवलात."

"तोंड राहिलं होतं," मावशी म्हणाली, आणि पुढचा मणी ओवला.

बाई मावशीच्या नवऱ्याला शोधायला गेल्या. रिकामे कप गोळा करणारी एक बाई मात्र ट्रे घेऊन तिथेच उभी राहिली. तिने वाकून सुईकडे पाहिलं.

"एवढे बारीक मणी," ती म्हणाली, "सुटत नाहीत? कसे बसवता हो?"

मावशीने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस," ती म्हणाली. "आधी दोऱ्याला मेण लावायचं."