दसऱ्याच्या दिवशी केलेली सही

"शपथेवर खोटं बोललं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आजी. तुम्हाला माहीत आहे का हे?"

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढून हे विचारलं, तेव्हा मी नाशिकच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते. पाच मिनिटांपूर्वी मी एक सांगितलं होतं आणि आता त्याच्या बरोबर उलटं बोलून बसले होते. दोन्ही शपथेवर. टायपिस्टने दोन्ही उतरवून घेतलं होतं.

माझं वय तेव्हा एकाहत्तर. मनात बेरीज केली, अठ्ठ्याहत्तर आले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. ती माझ्या दुकानाशेजारची भाजीवाली होती. मी जेलात चालले होते आणि ही पदर तोंडात कोंबून हसत होती.

"माहीत नव्हतं," मी म्हणाले. "आता झालं."

मी इंदिरानगरात सिग्नलजवळ फुलं विकते. झेंडू आणि शेवंती आमच्या शेतातली, गुलाब बाजारातला. शेजारी बसणारी भाजीवाली मला अक्का म्हणते आणि दिवसभर माझी चेष्टा करते. गिऱ्हाईक नसलं की आमचा तोच उद्योग. आमच्या ओळीत आठ-दहा बायका आहेत. सगळ्या अंगठा लावतात, सही एकटी मी करते. शाळा चौथीपर्यंत झाली. गुरुजींनी अक्षरं शिकवली, सही मी माझी बसवली. पहिल्या अक्षराला मोठा वळसा, खाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबं. बँकेतली बाई एकदा म्हणाली, "आजी, आमच्या साहेबांचीसुद्धा एवढी सुबक सही नाही." ते माझ्या डोक्यात गेलं ते उतरलंच नाही. त्यानंतर कोणी कागद पुढे केला की मी सही करायची.

हे आमच्या भागातल्या एका हवालदाराने हेरलं. पोलिसांनी कुठे काही जप्त केलं की पंचनामा लिहितात. त्यावर दोन तिऱ्हाईत माणसांच्या सह्या लागतात, की हो, हे आमच्या डोळ्यांदेखत झालं. अशा माणसाला पंच म्हणतात. पण हातातलं काम टाकून दोन-दोन तास पोलिसांबरोबर कोण फिरणार? मग हवालदार कागद तयार करूनच माझ्याकडे यायचा. "मावशी, इथं जरा." मी ओले हात पदराला पुसून सही करायची. वर काय लिहिलंय ते वाचायची नाही. वाचता येत होतं, तरी वाचायची नाही. त्याबद्दल मी एक पैसा कधी घेतला नाही. मला ते चार लोकांसमोर सही करणंच आवडायचं. भाजीवाली म्हणायची, "अक्का, कलेक्टर झाली तू तर." मी म्हणायचे, "तू अंगठा लाव."

अशीच एक सही दसऱ्याला केली.

दसरा म्हणजे आमचा वर्षाचा दिवस. पहाटे चारला टेम्पोतून झेंडू उतरवायचा, सहाला पहिलं गिऱ्हाईक, आठपासून पाय ठेवायला जागा नाही. मोटारींचे हार, दुकानांची तोरणं, आपट्याची पानं, सुटा झेंडू. तोंडात घास टाकायला फुरसत नाही आणि त्या दिवशी भूकही लागत नाही. मला वर्षात सगळ्यात जास्त मजा त्या दिवशी येते. त्या गर्दीत हवालदार आला. चौकीतल्या शस्त्रपूजेसाठी त्याला हार हवे होते. हार घेतले आणि काखेतला कागद पुढे केला. मी तो झेंडूच्या ढिगावरच ठेवला, दोन गिऱ्हाइकांच्या मधे सही ठोकली आणि विसरून गेले.

तीन वर्षांनी समन्स आलं. अंबडच्या एका कारखान्यातली तांब्याची तार चोरीला गेली होती आणि ती तिथल्या एका कामगाराच्या खोलीत सापडली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. सापडताना तिथे हजर असलेली पंच मी. दुसरा पंच रसाचा गाडा लावायचा, तो कधीच गाव सोडून गेला होता. म्हणजे राहिले मीच.

हवालदार आदल्या दिवशी येऊन मला शिकवून गेला. "काही नाही मावशी. माझ्यासमोर झालं, सही माझीच आहे. एवढं दोनच बोलायचं."

मला भीती वाटली नाही, उलट हौस वाटली. कोर्टात आपली सही सगळ्यांना दाखवणार, म्हणून मी हिरवी इरकली नेसले. भाजीवाली सुनेला दुकानावर बसवून माझ्याबरोबर आली. "तू खोटं कशी बोलते ते बघायला येते," म्हणाली. "घरात तर तुला जमत नाय."

शपथेच्या वेळी एक घोटाळा झाला. मला वाटत होतं लाल कपड्यातलं पुस्तक पुढे धरतील, त्यावर हात ठेवायचा. सिनेमात तसंच असतं. इथे शिपाई नुसताच म्हणाला, "माझ्या मागून म्हणा. ईश्वरसाक्ष शपथ घेते की खरं सांगेन." मी म्हटलं. पण पुस्तक नव्हतं, म्हणून ही शपथ काही लागू पडत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही. लागू पडत नाही हे मला सोयीचं होतं.

मग नाव, वय, धंदा, राहणार, सगळं लिहून झालं. सरकारी वकिलांनी विचारलं, पंचनामा तुमच्यासमोर झाला का. झाला. सही तुमची का. माझी. त्यांनी कागद दाखवला तेव्हा मी म्हणाले, "खालची टिंबंसुद्धा माझीच आहेत." मॅडम जराशा हसल्या. मला वाटलं झालं काम.

मग आरोपीचा वकील उठला. तरुण होता, काळा कोट त्याला दोन मापं मोठा.

"आजी, अंबडला कशाने गेलात?"

"पोलिसांच्या गाडीने."

"किती वाजता?"

"कागदात असेल."

"कागदात सकाळी नऊ ते अकरा लिहिलंय. बरोबर?"

"बरोबर."

"दोन तास तिथेच होता? मधे कुठे गेला नाहीत?"

"नाही."

त्याने पिशवीतून त्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. तारखेवर लाल पेनाने गोल केला होता. तारखांचं माझं जमत नाही, मी सणवारावर चालते. त्याने कॅलेंडर माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "आजी, त्या दिवशी दसरा होता. दसऱ्याला सकाळी नऊ ते अकरा फुलांचं दुकान कोणावर सोडून गेला होता?"

आता मी बाकी काहीही खोटं बोलू शकत होते. कोणतं घर, कोणता माणूस, कोणती तार, जे सांगाल ते. पण हे ऐकून माझं डोकं फिरलं.

"दसऱ्याला?" मी म्हणाले. "दसऱ्याला नऊ वाजता दुकान सोडून मी अंबडला जाईन? माझी सून बाळंत झाली तेव्हा दसरा होता, तेव्हा मी दुपारनंतर गेले. तुम्ही मला काय समजता?"

वकील खाली बसला. मॅडमनी चष्मा काढून सात वर्षांचं विचारलं, आणि भाजीवाली हसली ती इथेच.

"मग मघाशी सांगितलंत ते काय होतं?" त्यांनी विचारलं.

"ते खोटं होतं."

"तुम्ही शपथ घेतली होती."

"पुस्तक नव्हतं."

टायपिस्टचे हात थांबले. मॅडमनी एकदा खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पुस्तकाची गरज नसते आजी. तोंडाने म्हटली की शपथ झाली." मग त्या सावकाश, मला समजेल असं बोलल्या. "तुमची साक्ष अजून संपलेली नाही. आता जे खरं आहे ते सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, विसरणं हा गुन्हा नाही. माहीत असून खोटं सांगणं गुन्हा आहे."

मी सगळं सांगितलं. हार, शस्त्रपूजा, झेंडूचा ढीग. "मूळ कागद बघा," मी म्हणाले, "ओला झेंडू होता, डाग पडला असेल." मॅडमनी कागद मागवला आणि उजेडात धरला. माझ्या सहीच्या मागच्या बाजूला पिवळा डाग होता, चांगला रुपयाएवढा.

सरकारी वकील उठून म्हणाले, साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करावं. ते मला लागलं. फितूर हा शब्द मी शाळेत इतिहासात शिकले होते, रात्री किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणाऱ्यासाठी. त्यांनी विचारलं, "आरोपीने तुम्हाला काय दिलं?"

"कोणता आरोपी?" मी म्हणाले. "मी त्याला कधी बघितलेला नाही. इथे चार जण बसलेत, त्यातला कोणता तो आधी मला दाखवा."

भिंतीजवळचा एक वाळका माणूस अर्धवट उठला आणि त्याने हात वर केला, वर्गात हजेरीला करतात तसा. मॅडम म्हणाल्या, "बसा." या वेळी भाजीवालीबरोबर शिपाईही हसला.

साक्ष संपल्यावर मॅडमनी सांगितलं की माझ्यावर कारवाई करायची की नाही ते त्या निकालात ठरवतील.

बाहेर चिंचेखाली त्या मोठ्या कोटवाल्या वकिलाने मला समजावलं. पंचनाम्यावर न बघता सही केली ते वाईटच, पण ती सही शपथेवर नव्हती. शपथ पिंजऱ्यात घेतली, म्हणून धोका पिंजऱ्यातल्या खोट्याचा. त्यासाठी न्यायाधीश स्वतः लेखी तक्रार करू शकतात, मग माझ्यावर वेगळा खटला चालेल. "पण तुम्ही लगेच सुधारलंत," तो म्हणाला. "खोट्याला चिकटून राहिला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

"तू मला चिडवलंस म्हणून सुधारलं," मी म्हणाले.

"माझी आजी भगूरला फुलं विकायची," तो म्हणाला. "दसऱ्याला आम्हाला ती दिसायचीसुद्धा नाही."

निकालाला सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात भाजीवालीने मला सुखाने जगू दिलं नाही. "अक्का, जेलात सकाळी सहाला चहा मिळतो म्हणे. इथं तुला दहाला मिळतो." दुसऱ्या दिवशी, "तिथं बाग असंल, हार करायला तुलाच बसवतील." मी एक पिशवी भरून ठेवली होती. दोन लुगडी, चष्मा, दाढदुखीच्या गोळ्या. सुनेला मोटारीचा हार करायला शिकवला. तिचे हार सैल व्हायचे. मी म्हटलं, सात वर्षांत घट्ट होतील. ती रडायला लागली, तर तिला म्हटलं, रडत रडत केला तर आणखी सैल होतो.

मी रडले नाही. पण दिवसा फुलं ओवताना मधेच दोरा हातात तसाच राहायचा. तो वाळका माणूस हात वर करून उभा दिसायचा.

निकालाच्या दिवशी मी पिशवी घेऊनच गेले. मॅडमनी मराठीतच वाचलं. आरोपी निर्दोष, सोडून देण्यात येत आहे. हवालदाराची चौकशी करावी. मग माझं आलं. साक्षीदाराने सुरुवातीला जाणूनबुजून खोटं सांगितलं, हे गंभीर आहे. परंतु साक्ष संपण्याआधी तिने ते कबूल केलं आणि खरं सांगितल्यामुळेच न्याय करता आला. म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचं कारण दिसत नाही. एवढं वाचून त्यांनी मान वर केली. "आजी, पुन्हा न वाचता सही करायची नाही."

"नाही करणार," मी म्हणाले. "आणि हेसुद्धा शपथेवर लिहून घ्या."

"त्याची गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर भाजीवालीने माझी पिशवी हिसकावून घेतली, कोर्टाच्या दारातच उघडली आणि लुगडी वर करून सगळ्यांना दाखवली. मग आम्ही मिसळ खाल्ली. मी दोनदा रस्सा मागितला. एवढी भूक मला दसरा सोडून इतर दिवशी असते, पण इतकी चव मला कधी लागली नव्हती.

आठ दिवसांनी तो वाळका माणूस दुकानावर आला. मी म्हणाले, "चूक माझी होती." तो म्हणाला, "दोन महिने आत होतो मावशी. नोकरी गेली." मी मान हलवली. मग तो म्हणाला, "आता दुसरीकडे लागलोय, आज नवी गाडी घेतली. हार द्या." मी शेवंतीचा भरगच्च हार केला आणि पैसे नको म्हणाले. त्याने दिलेच. त्याच्या मोपेडला हार मी स्वतः बांधला, सैल पडू नये म्हणून.

पुढे नवा हवालदार आला, तरुण. कुठूनतरी त्याच्या कानावर गेलं होतं की इथे सही येणारी बाई आहे. त्याने कागद पुढे केला. मी दुकान भाजीवालीवर सोडलं आणि म्हणाले, "चला, जागा दाखवा." गेले. खोली बघितली, खिडक्या मोजल्या, जप्त केलेला पंप उचलून बघितला. मग सगळा कागद मोठ्याने वाचला. चौथीचं वाचन, एका ओळीला वेळ लागतो. तीन ठिकाणी त्याला दुरुस्ती करायला लावली. मग सही केली, वळसा, रेघा आणि टिंबांसकट. त्यानंतर तो माझ्याकडे आलेला नाही.

कोर्टाच्या कागदावर साक्षीदाराची माहिती अशी आहे. वय एकाहत्तर, धंदा फुलविक्री, शिक्षण चौथी, राहणार नाशिक. ती मी.