दहाव्याला न ठेवलेली तंबाखू

वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवेना. आमच्या गास गावच्या तळ्याकाठी आम्ही ऊन चढेपर्यंत पिंडाकडे बघत उभे होतो.

"अरे, चिमूटभर तंबाखू ठेव," काका म्हणाले. "बघ कसा झेपावतो."

मी नाही म्हणालो. माणूस तोंडाच्या कर्करोगाने गेला आणि पुन्हा तीच?

"बरं, मग कावळ्याला कायदा वाचून दाखव."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आई घरी येईपर्यंत मागे वळून झाडांकडे बघत होती.

कायद्यावर माझा विश्वास होता, हे खरं. वडील जिथून तंबाखू घेत ती शाळेजवळची टपरी हलावी म्हणून मी वर्षभर अर्ज केले होते. ती हलली. त्याच सुमारास वडिलांना फोनमधल्या अ‍ॅपवरून औषधं मागवायला मीच शिकवलं. मग त्याच फोनवरून तंबाखू घरपोच येऊ लागली. डब्यावर 'मुखवास' लिहिलेलं असे. मला कळलं तोवर ते दवाखान्यात होते.

आता तो फोन आईकडे आहे आणि डबे येतच आहेत. दर महिन्याला वडिलांच्या तिथीला ती परसात केळीच्या पानावर घास ठेवते, शेजारी चिमूटभर तंबाखू. उरलेली तव्यावर भाजून तिची मिश्री करते आणि रोज दातांना लावते. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. डॉक्टरांनी त्याचा तुकडा तपासायला मागितला आहे. आई तारीख पुढे ढकलत राहते.

मी अ‍ॅपच्या मदत क्रमांकावर फोन केला.

"खातं ज्यांचं आहे त्यांनीच बंद करायला सांगावं लागेल, सर."

"ते वारलेत."

पलीकडची मुलगी म्हणाली, "मग त्यांच्या नंबरवरून विनंती पाठवा."

मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "दुकान कुठे आहे?" त्यांनी विचारलं. दुकान नाही, हेच तर मी अर्धा तास सांगत होतो.

काल पार्सल आलं तेव्हा मी गासलाच होतो. "अठरा वर्षांवरचं कोणी आहे का घरात?" पार्सलवाल्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत विचारलं. नियम पाळला गेला. आईने फोनवर आलेले आकडे त्याला वाचून दाखवले आणि डबा घेतला.

"आई, नको ना."

"तेव्हा एक चिमूट ठेवली असतीस," ती म्हणाली, "तर आज हा डबा मागवावा लागला नसता."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिचा मिश्रीचा तवा माझ्या पिशवीत घातला. संध्याकाळी ती शेजारणीकडून दुसरा घेऊन आली.