सासूबाईंचं दही आणि माझी बिअर
माझ्या सासूबाई चांगुणाबाई नांदगावच्या. नवरा गेल्यावर दोन म्हशींच्या जिवावर त्यांनी संजनाला, म्हणजे माझ्या बायकोला, शिकवलं. तीस वर्षं रोज किटल्या घासून डेअरीला दूध घातलं, एकदाही नासकं म्हणून परत आलं नाही. हे मला लग्नातच कळलं होतं. पण मी कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट, म्हणजे मला सगळंच येतं.

गुडघे धरले तशा त्या इंदिरानगरला आमच्याकडे राहायला आल्या. मी तेव्हा नुकताच घरी बिअर करायला लागलो होतो. सातूचं मॉल्ट उकळायचं, कडवटपणाला हॉप्सची फुलं टाकायची, गार करून यीस्ट घालायचं आणि तोटीच्या ड्रममध्ये दोन आठवडे आंबू द्यायचं. तापमान दोन-चार अंशांनी हललं तरी चव फिरते, हे मी येईल त्याला ऐकवायचो. नव्या ड्रममधली पहिली बिअर झकास झाली. सासूबाई आल्यानंतरच्या दोन्ही आंबटढाण.

मग मी शोध लावला. त्या ओट्यावर रोज दही लावतात, त्यातले जंतू माझ्या ड्रममध्ये शिरतात. दह्याची रवानगी गॅलरीत केली. तरी चौथीही बिघडली. त्या रविवारी मित्र जमले होते. पहिल्याच घोटाला अश्विनने तोंड वाकडं केलं.

"सासूबाईंच्या दह्याची कृपा," मी म्हणालो. "हात लावतील ते आंबवतात."

सगळे हसले. सासूबाई दारातच उभ्या होत्या, आमच्यासाठी तळलेले पापड घेऊन.

त्यांनी ताट ठेवलं. "जावईबापू, ती तोटी खोलून धुता का? किटलीच्या झाकनात घान राह्यली, की दूध नासतं."

"आई, हे दूध नाही," मी म्हणालो. पुन्हा हशा. दोन दिवसांनी त्या गुडघे बरे आहेत म्हणत नांदगावला निघून गेल्या.

त्या गेल्या, दही गेलं, आणि पाचवी बिअरही आंबटच निघाली. घरात कोणी नाही असं बघून मी तोटी खोलली. आत बुळबुळीत थर. ड्रम औषध घालून तीन-तीनदा धुणारा मी, तोटी कधी खोललीच नव्हती. लाजेने कान तापले. ती उकळून घासली आणि सहावी बिअर स्वच्छ उतरली. मित्रांना मी तोटीचं महत्त्व समजावलं, स्वतःच्या अकलेचं म्हणून. संजना तेव्हा विकतचं दही वाटीत काढत होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येतोय म्हणून फोन केला आणि नांदगाव गाठलं. सासूबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. ताटात दही नव्हतं. मी मागितलं, तशा त्या ओशाळल्या.

"फोन आला तवाच शेजारच्या कुसाबाईकडं नेऊन ठेवलं. तुमच्या कपड्याला लागून त्या ड्रमात काही जायला नको."

 सासूबाई स्वतःच्या घरात मला घाबरत होत्या.

"आई, घाण तोटीतच होती," मी मान खाली घालून म्हणालो. "दह्याचं काही नव्हतं. चुकलो मी."

त्या भिंतीला हात देत, गुडघा धरून उठल्या आणि शेजारी दही आणायला निघाल्या.