तिसऱ्या मजल्यावरचा भूतान

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांइतका जर्मनीत न मावणारा जर्मन मी दुसरा पाहिला नाही. तसे ते अंगानं काटकुळे, आणि त्यांचा फ्लॅटही आमच्याएवढाच, दोन खोल्यांचा. जन्म डार्मश्टाटचा, शिक्षण डार्मश्टाटचं, आडनाव तर इतकं जर्मन की आम्हाला सहा वर्षांत ते एकदाही धड उच्चारता आलं नाही, म्हणून आपले आजोबा. पण त्यांच्या लेखी जगात देश दोनच होते, एक भूतान आणि दुसरा बाकीचा. या बाकीच्यात ते केवळ नाइलाजानं राहत होते. चाळिशी उलटल्यावर पूल बांधायला म्हणून दोन वर्षांसाठी भूतानला गेले आणि अकरा वर्षं राहिले. पोलादी तारांचे झुलते पूल, माणसं आणि गुरं जातील एवढेच. मग परत आले, म्हणजे शरीरानं आले. आमची ओळख झाली तेव्हा त्यालाही चौदा वर्षं लोटली होती, तरी त्यांच्या बोलण्यावरून वाटे की कालच्या बसनं उतरलेत आणि उद्याच्या बसनं निघणार आहेत.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी खोकी अजून जिन्यातच होती. हे दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले आणि म्हणाले, "इंडिया? आल्झो, म्हणजे आपण शेजारी!" मला वाटलं, मजल्यांबद्दल बोलतायत. मी हसून "हो, हो, पुण्याचे आम्ही" म्हटलं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "पुण्याहून भूतानला किती वेळ लागतो?" शाळेच्या भूगोलातली 'राजधानी थिम्फू' सोडली तर मला काही सांगता येईना. त्यांचा चेहरा पडला. आम्हा भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, हे मला त्या जिन्यात त्यांच्याकडून कळलं. "तुम्ही नुसतं ओळखपत्र दाखवायचं आणि आत! आम्हाला व्हिसा, गाइड, ठरलेला रस्ता, ठरलेलं हॉटेल. तुम्हाला काहीसुद्धा नाही. आणि एवढं उघडं दार टाकून तुम्ही इथे आलात?" आम्ही नुकत्याच परदेशी लोकांच्या कचेरीत, निवासाच्या परवान्यासाठी, तीन सकाळी रांगेत काढल्या होत्या. भरल्या ताटावरून उठलेल्या माणसासारखा माझा चेहरा झाला असावा. मी "नवऱ्याची नोकरी..." असं काहीतरी पुटपुटले.

बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. आमच्याकडे चहाला आले तरी कप घेऊन खिडकी ते फ्रिज आणि फ्रिज ते खिडकी अशा येरझाऱ्या. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची, तिला वाटे की चहा हा चालतानाच प्यायचा असतो, आणि तीही दुधाचा पेला घेऊन त्यांच्या मागोमाग फिरे. मी मराठीत ओरडे, "अगं, बस एका जागी!" आणि ती जर्मनमध्ये उत्तर देई, "नाइन, ओपा पण चालतोय," म्हणजे नाही, आजोबाही चालतायत. भूतानमध्ये बोलताना वाक्याच्या शेवटी आदरानं 'ला' लावतात म्हणे, तर हे जर्मनलाही लावत. "गुटन मॉर्गन ला" असं रोज सकाळी ऐकून सहा नंबरच्या बसचा ड्रायव्हरही शेवटी "ला" म्हणायला लागला होता. पण खरी पंचाईत पुलांची. कुठलाही पूल दिसला की आजोबा बरोबर मध्यावर थांबून तीनदा उड्या मारत. स्टेशनाजवळच्या पादचारी पुलावर एकदा पोलिसांनी हटकलं, तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. आजोबा म्हणाले, "माझी बरी आहे, पुलाची बरी नाही. हा हलतच नाही. न हलणाऱ्या पुलावर आपण पलीकडे चाललोय हे माणसाला कळणार कसं?" पोलिसांनी ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे, पण त्यांना घरापर्यंत आणून सोडलं. मी खालचं दार उघडलं, तेव्हा ते त्या दोघांना जेवायलाच चला म्हणून आग्रह करत होते.

जेवण म्हणजे मिरच्या आणि चीज. मसाल्याला मिरच्या नव्हेत, तर मिरच्यांची भाजी, पावशेर मिरच्यांना बोटभर चीज. आमटीत गूळ घालणाऱ्या घरात मी वाढलेली. पहिल्या घासाला डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण समोर आजोबा असे टक लावून बघत होते की भारताची अब्रू माझ्या जिभेवर होती. मी ताट पुसून खाल्लं, आणि पुढचे दोन दिवस दहीभातावर काढले. या मिरच्या ते तुर्की दुकानातून खोकं भरून आणत आणि सप्टेंबरात गॅरेजच्या छपरावर वाळत घालत, कारण तिथे सगळी गावं छपरांवर मिरच्या वाळवून लालभडक होतात. घराच्या देखभालीचं बघणाऱ्या कचेरीकडून, म्हणजे हाऊसफरवाल्टुंगकडून, यथावकाश पत्र आलं. आलं ते आम्हाला! तुमच्या आहारपद्धतीचा आम्ही आदर करतो, परंतु छप्पर हे छपरासाठी आहे, अशा अर्थाचं. मिरच्या दिसल्या म्हणजे त्या दुसऱ्या मजल्यावरच्या भारतीयांच्याच, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मी पत्र आजोबांना दाखवलं तर ते लालबुंद झाले. मला वाटलं, माझ्यावर आळ आला म्हणून. छे! मिरच्यांचं श्रेय भारताला गेलं म्हणून. त्याच दुपारी कचेरीत जाऊन त्यांनी लेखी खुलासा दिला की सदर मिरच्या भूतानी पद्धतीच्या असून भारताचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.

अशा माणसासमोर तोंड सांभाळून बोलावं, एवढी अक्कल मला असायला हवी होती. एका डिसेंबरात, पुण्याला जायच्या आधी, मी चहा ओतता ओतता म्हणून गेले, "या खेपेला जमलं तर भूतानला जाऊनच येऊ. नक्की!" आपल्याकडे असं म्हणतात. या एकदा घरी, येऊ की नक्की, असं म्हणत आपल्या कित्येक पिढ्या एकमेकांकडे न जाता सुखात नांदल्या आहेत. आजोबा मात्र फ्रिजपाशी थबकले. "कधी?" मी म्हटलं, "बघू, जानेवारीत वगैरे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक फाइल घेऊन दारात. तीत हातानं काढलेला नकाशा, सीमेवरच्या फुंत्शोलिंगपासून थिम्फू, तिथून पुढे दोन दिवसांची मोटार, मग चार तास पायवाट, मग त्यांनी बांधलेला पहिला पूल, आणि पूल ओलांडल्यावर एक घर. घरावर पेन्सिलीनं फुली. त्या घरात ते अकरा वर्षं राहिले होते. घरमालकीणबाईंना एक निरोप द्यायचा होता, तोही त्यांनी तिथल्या भाषेत, रोमन अक्षरांत लिहून आणला होता. "याचा अर्थ, मला उशीर झाला आहे, पण मी विसरलो नाही," ते म्हणाले. आणि स्वयंपाकघरातल्या आमच्या कॅलेंडरवर, मला न विचारता, जानेवारीच्या बारा तारखेला गोल केला.

पुण्यात नणंदेचं लग्न होतं, माझी दाढ होती, सासूबाईंच्या माहेरची माणसं होती. भूतान कुठल्या कुठे गेला. परत आल्यावर मी भाकरवडीचा पुडा घेऊन अपराध्यासारखी वर गेले. दार उघडताच त्यांनी विचारलं, "भेटल्या?" मी म्हटलं, "नाही हो, जमलं नाही." "जमलं नाही म्हणजे? रस्ता बंद होता?" "नाही." "बस नव्हती?" मी पुडा पुढे केला. त्यांनी भाकरवडी घेतली, आभार मानले आणि दार लावून घेतलं. पुढे तीन आठवडे ते खाली आले नाहीत. रागावले असते तर मी समजूत घातली असती, पण ते नुसते बुचकळ्यात पडले होते. हो म्हणालेली बाई गेली कशी नाही, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. मी डब्यात मऊभात घेऊन भेटायला गेले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच आडवं पाहिलं. अंगावरच्या नळ्यांमुळे उठता येत नव्हतं, म्हणूनच की काय, ते बोलले. भूतान त्यांनी सोडला नव्हताच. आई आजारी म्हणून रजेवर आले होते. निघताना घरमालकीणबाईंना सांगितलं होतं, मका काढायच्या आत परत येतो. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिकडची नोकरीची जागा दुसऱ्याला गेली. पत्र लिहायचं राहिलं, आधी महिनाभर, मग वर्षभर, आणि मग इतकी वर्षं झाली की कुठल्या तोंडानं लिहायचं, हाच प्रश्न. पैसे भरून पर्यटक म्हणून जाता आलं असतं, पण स्वतःच्याच गावात गाइड घेऊन, आणि तेही तोंड लपवत? "जर्मन माणूस वेळेवर येतो म्हणतात," ते छताकडे बघत म्हणाले. "त्या गावानं आयुष्यात एकच जर्मन पाहिला. म्हणजे त्यांच्या हिशेबी आम्ही सगळेच खोटे." आता डॉक्टरांनी उंचावर जायलाच कायमची बंदी केली होती. वाटेतल्या खिंडी तीन हजार मीटरच्या वर. म्हणजे आता तोंड लपवूनसुद्धा जाता येणार नव्हतं. मला माझ्या त्या 'नक्की'ची फार लाज वाटली.

पुढच्या हिवाळ्यात मी आधी तिकिटं काढली आणि मगच सासूबाईंना फोन केला. "अहो आई, यंदा आम्ही आठ दिवस उशिरा येऊ. भूतानला जायचंय." पलीकडून, "भूतान? अगं, तिथे कोण आहे आपलं?" मी म्हटलं, "वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं घर आहे." यावर त्या म्हणाल्या, "स्वेटर घ्या," आणि फोन ठेवला.

त्या प्रवासाचं वर्णन करायला बसले तर नवरा म्हणेल, माझ्या उलट्यांचंही लिही. मोटार वळणावळणानं वर चढे, ढगात शिरे, खाली उतरे, आणि पुन्हा तेच. थिम्फूहून घेतलेला ड्रायव्हर छान हिंदी बोलायचा, दुभाष्या तोच. शेवटच्या चढणीला त्यानं लेकीला पाठुंगळी घेतलं. आणि मग तो पूल आला. खाली हिरवी नदी, वर दोन तारा, मध्ये फळ्या. पाऊल ठेवलं आणि पूल असा झोकांड्या खायला लागला की मी डोळे मिटून, देवाचं नाव घेत, तारेला धरून सरकत गेले. पलीकडे चाललोय, हे अगदी पुरेपूर कळलं! मागून दोन गाई शांतपणे चालत आल्या आणि मी वाटेतून कधी बाजूला होते याची वाट बघत उभ्या राहिल्या.

घरमालकीणबाई सत्तरीच्या, बारीक कापलेले केस, पान खाऊन रंगलेले दात. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. माझ्या उच्चारांत त्याचं काय झालं असेल ते असो, पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग ड्रायव्हरकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "जिवंत आहे?" आहे म्हटल्यावर त्या मटकन पायरीवर बसल्या आणि मोठ्यानं हसायला लागल्या, आणि पदर नसल्यामुळे बाहीनं डोळे पुसायला लागल्या. मग हाताला धरून मला वर घेऊन गेल्या. एका लहानशा खोलीचं दार उघडलं तर आत छतापर्यंत मक्याची कणसं. त्या घाईघाईनं बोलल्या, ड्रायव्हरनं सांगितलं, "म्हणतात, त्याच्या खोलीत सध्या मका ठेवलाय. पण एका दिवसात हलवू. कधी येतोय विचारा." उंचीचं, डॉक्टरांचं, हृदयाचं, सगळं माझ्या ओठांवर होतं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी मान डोलावली.

डार्मश्टाटला परतल्यावर बॅगा तशाच टाकून मी वर गेले. आजोबा दाराशी उभेच होते. मी सगळं सांगितलं, गाईंसकट. पूल हलतो का? भरपूर हलतो. मक्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "'त्याची खोली' म्हणाल्या? असंच म्हणाल्या?" असंच, मी म्हटलं. ते खिडकीपर्यंत गेले आणि खुर्ची ओढून बसले. खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "मग, कधी येतोय याला तुम्ही काय उत्तर दिलंत?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "मी 'येतील' म्हणून मान डोलावली," मी म्हणाले. "मला दुसरं काही बोलवेना हो."

त्यांनी हळूहळू मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "बरं केलंत." मग एकदम आठवून म्हणाले, "एवढ्या मक्याला उंदीर लागत नाहीत ना? तेवढं विचारायला हवं होतं."

"पुढच्या खेपेला विचारून येते. नक्की," मी म्हटलं.

या वेळी त्यांनी तारीख विचारली नाही.